श्रेयसच्या नावावर

नमिता इंगोलेची ‘उंबरा’ ही वेबसाइट बनवणारी छोटी कंपनी अंधेरीच्या एमआयडीसीत, एका जुन्या इमारतीतल्या गाळ्यात होती. खालच्या मजल्यावर खोके छापणारं यंत्र दिवसभर धडधडायचं आणि वर चार-पाच जण स्क्रीनला डोळे लावून बसलेले असायचे. त्यांच्यात श्रेयस तांडेल तेवढा स्क्रीनकडे बघत नसे. तो जन्मापासून अंध होता.

श्रेयस वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. त्याची आई मथुरा बाजारात मासळी विकायची. नमिताची आणि त्याची ओळख भांडणातूनच झाली. तिने एका वाचनालयाची वेबसाइट केली होती. उद्घाटनाला सगळे वाहवा करत असताना मागच्या रांगेतून याचा आवाज आला, “ताई, पुस्तक शोधायचं बटन कुठेय?”

“समोरच आहे की. हिरवं, मोठं.”

“हिरवं म्हणजे कसं?”

लोक हसले. नमिताची कानशिलं तापली. कार्यक्रम संपल्यावर श्रेयसने तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं, स्क्रीन बंद केला आणि कानांवर हेडफोन चढवले. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज तिच्याच वेबसाइटवर नुसता “बटन, बटन, चित्र, बटन” एवढंच बडबडत होता. कुठलं बटन कशाचं, काही पत्ता नाही. ती स्वतः बनवलेल्या पानावर हरवली. दुसऱ्याच आठवड्यात तिने त्याला कामावर घेतलं.

त्यानंतर ‘उंबरा’चं नाव झालं ते त्याच्यामुळे. त्याने तपासल्याशिवाय एकही काम बाहेर जात नसे. आणि तो तपासायचाही अगदी निर्दयपणे. “काय घाण केलीयस गं ही,” असं मालकिणीला तोंडावर सांगायचा. ती चिडायची आणि पुन्हा बसून दुरुस्त करायची. डब्यातली सुरमई मात्र दोघं वाटून खायचे. नमिताचे वडील हिंगोलीहून मुंबईत आलेले, घरी मासे क्वचितच शिजायचे. काटे कसे काढायचे तेही तिला श्रेयसनेच शिकवलं.

मग एका बँकेच्या भरतीचं काम आलं. अर्ज ऑनलाइन भरायचे होते आणि काही जागा दृष्टिहीनांसाठी राखीव होत्या. म्हणून तर बँकेने ‘उंबरा’ला बोलावलं होतं. श्रेयसने फॉर्म पुन्हा पुन्हा भरून पाहिला, चुका काढल्या, शेवटी खूश झाला. मग तो बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर गेला. कोळ्यांचं लग्न ते, हळदीपासून आठवडाभर घर गजबजलेलं.

नेमकं तेव्हाच बँकेच्या लोकांनी फॉर्मच्या शेवटी एक नवी पायरी घुसडली. खोटे अर्ज येऊ नयेत म्हणून एक चित्र दिसायचं, त्यातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची. ऐकून ओळखायची सोय त्यात नव्हती. नमिताने ते पाहिलं. हे थांबवायला हवं, हे तिला कळत होतं. पण बँकेचा अधिकारी अल्पेश शहा फोनवर घाईत होता.

“मॅडम, जाहिरात उद्या येतेय. तुमच्या त्या अंध मुलाने सगळं तपासलंय ना?”

नाही म्हटलं असतं तर जाहिरात पुढे ढकलावी लागली असती आणि एवढं मोठं काम पुन्हा आपल्याकडे आलं नसतं. श्रेयस परत आला की करू दुरुस्त, असं तिने मनाशी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली.

जाहिरातीत बँकेने श्रेयसचं नाव घालून छापलं, की दृष्टिहीन उमेदवारांसाठी हा अर्ज त्याने तपासला आहे. मित्रांनी ते त्याला वाचून दाखवलं, तेव्हा बँड वाजत असतानाच त्याने नमिताला फोन लावला.

“काय गं, नंतर काही बदललं नाही ना? परत बघू का मी?”

“काही नाही रे, किरकोळ होतं. तू लग्नात नाच.”

त्याने विश्वास ठेवला. एवढंच नाही, अंध मुलामुलींच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला, “आपलीच साइट आहे यार. बिनधास्त भरा. कोणाला शेजारी बसवायची गरज नाही.”

कामावर परतल्यावर नमिताने त्याला दुसऱ्याच कामात गुंतवलं. बँकेला तिने एकदा सांगून पाहिलं, अल्पेशने “बघतो” म्हटलं, आणि तिनेही मग विषय लावून धरला नाही. मुदत संपली तेव्हा श्रेयसला घाटकोपरहून माणिक साळवे या मुलीचा फोन आला. ती पूर्ण अंध होती आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. तक्रार करायला तिने फोन केलाच नव्हता.

“दादा, पुढच्या वेळी तुम्ही मला शिकवाल का? सगळे भरतायत म्हणे. मलाच शेवटचं पान जमलं नाही. मी रोज बसत होते.”

श्रेयसने तिच्याशी बोलत बोलतच फॉर्म उघडला. शेवटच्या पानावर यांत्रिक आवाज म्हणाला, “तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. चित्र.” आणि थांबला.

तो उठून नमिताच्या टेबलापाशी आला. गाळ्यातले सगळे काम थांबवून बघत राहिले.

“हे कधी आलं?”

“जाहिरातीच्या आदल्या दिवशी. श्रेयस, मी त्यांना सांगितलं होतं...”

“आणि माझ्या फोनवर काय सांगितलंस?”

नमिता खुर्चीतून उठून उभी राहिली.

“चूक झाली असती तर काही वाटलं नसतं गं. चुका रोज होतात. तू माझ्या नावावर खोटं बोललीस. माझ्या लोकांशी.”

त्याने काठी घेतली आणि तो जिना उतरून गेला.

नमिता बँकेत जाऊन बसली, हातापाया पडली. ज्यांनी मुदतीत बँकेकडे तक्रार केली होती, त्यांचे अर्ज बँकेने घेतले. माणिकने तक्रार केली नव्हती. दोष आपला नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी नमिता कोळीवाड्यात गेली. मथुरा दारातच जाळं बाजूला सारत म्हणाली, “ये गो बाय, बस. तो घरात नाय.” आतल्या खोलीतून कॉम्प्युटरचा तो भरभर वाचणारा आवाज येत होता. नमिताने तो ओळखला. मग तोही बंद झाला. मथुराने मान खाली घालून चहा पुढे केला. तो पिऊन नमिता निघाली.

घाटकोपरला माणिकच्या घरीही ती गेली. सगळं कबूल करताना तिला हुंदका आवरेना. माणिक शांतपणे ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “म्हणजे मला येत होतं तर.”

दीडेक वर्षाने श्रेयस मुलुंडला अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवतो असं नमिताला कळलं. ती क्लास सुटायच्या वेळी गेली. पावलांवरून त्याने तिला ओळखलं.

“बसा,” तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने तिला अहोजाहो कधीच केलं नव्हतं.

“माणिकला भेटलात म्हणे,” तो म्हणाला. “ती सांगत होती, तुम्ही इतक्या रडलात की तुमचीच समजूत काढायला लागली तिला.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

“परत ये ना, श्रेयस. तू म्हणशील तसं चालेल सगळं.”

“नाही जमणार.”

“अजून राग आहे?”

“राग कधीच गेला. पण तुम्ही काही सांगितलंत की ते खरं का, हे मला दरवेळी तपासावं लागेल. वेबसाइट तपासायला मला आवडतं. माणसं तपासायला नाही.”

तेवढ्यात एका विद्यार्थ्याने त्याला हाक मारली. तो भिंतीला हात लावत तिकडे गेला आणि त्याच्या शेजारी बसून त्याला काहीतरी समजावू लागला. नमिता बाहेर पडली.

‘उंबरा’ अजून चालू आहे. नमिता आता प्रत्येक काम मुलुंडच्या त्या क्लासकडे तपासायला पाठवते, आणि उत्तर आल्याशिवाय ते कोणालाही देत नाही. त्यापायी दोन मोठी कामं हातची गेली. मुलांची उत्तरं चोख असतात, आदबशीर असतात. पण ‘काय घाण केलीयस गं ही’ असं तिला आता कोणी म्हणत नाही.