बास की शाब्बास?

आमच्या घराण्यात स्वतःच्या मोटारीत झोपून प्रवास केलेलं पहिलं अपत्य म्हणजे एक लाल भोपळा.

हे वाक्य मी नातवंडांसमोर उच्चारलं की त्यांची आई, म्हणजे जिचा मान भोपळ्याने पळवला ती आमची पुष्पा, आतून ओरडते, "बाबा, पुन्हा सुरू झालात का?" झालो! अभिमानाची गोष्ट आहे, सांगणारच. हल्ली तान्ह्या बाळासाठी मोटारीत पट्ट्यांची खुर्ची मिळते आणि ती कुठल्या गाडीत नीट बसते हे पाहून लोक गाडी ठरवतात. हा शोध नवा आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने माझ्याकडे यावं. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी अशीच पारख करून गाडी घेतली होती. फक्त माझ्याकडे खुर्ची नव्हती, झोळी होती.

तेव्हा शेवगावात माझं विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. बायको, सिंधू, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. माहेर पारनेरच्या पलीकडे. मुलगी झाली, बारसं ठरलं, मी गेलो, पंगतीला बसलो, आणि तिथे जिलबीबरोबर माझी जीभही सैल सुटली. कुणीतरी सहज विचारलं, "मग जावईबापू, पोरीला कवा नेनार?"

"नेईन लवकरच," मी म्हणालो. "पण एस.टी.चे धक्के खात माझी लेक यायची न्हाई. स्वतःच्या गाडीतून नेणार! आणि गाडी पण अशी तशी न्हाई. पळणारी!"

(त्या घडीला माझ्या मालकीचं एकमेव वाहन सायकल होतं, आणि तेही पंक्चर काढायला दिलेलं होतं.)

सगळी पंगत माझ्याकडे वळली. माझे सासरे वाढत होते. गाव त्यांना तात्या म्हणायचं, मी रीतीप्रमाणे मामा. बोलायला महाकंजूस माणूस! लग्न ठरल्यापासून माझ्याविषयी त्यांच्या तोंडून बरावाईट एक शब्द निघाला नव्हता. त्यांनी जिलबीचं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "गाडीत झोळी बसंल का?"

"झोळी?"

"माझी नात झोळीबिगर झोपत न्हाई."

"बसंल की!"

"मग झोळी बसंल त्या दिशी न्या. तवर दोघी हितंच ऱ्हात्याल. आमाला जड न्हाई झाल्या."

एवढं बोलून त्यांनी ताट उचललं आणि मला वगळून पुढच्याला जिलबी वाढली. आता मुलगी घरी आणायची तर गाडीशिवाय गत्यंतर नव्हतं. सगळ्या भावकीने ऐकलं होतं!

नगरला जुन्या गाड्यांचा एक दलाल होता. त्याच्याकडे मी पिशवीत आईचं जुनं लुगडं आणि सुताची दोरी घेऊन गेलो. गिऱ्हाईक गाडीचं इंजिन बघतं, टायर बघतं, हॉर्न वाजवतं. मी प्रत्येक गाडीत शिरून आधी वर बघायचो.

"काय शोधताय?" दलालाने विचारलं.

"झोळी कुठं बांधायची?"

त्या बिचाऱ्याने मग पेट्रोल किती खाते, स्प्रिंगचे पाटे कसे आहेत, हे सगळं सांगायचं सोडून दिलं आणि तोही माझ्याबरोबर आत शिरून टपाला कड्या शोधू लागला. पहिली काळी गाडी ऐसपैस होती, पण टप गुळगुळीत. दुसरी जीप. तिच्यावर लोखंडी नळ्यांचा सांगाडा होता, त्याला एक सोडून चार झोळ्या टांगता आल्या असत्या!

"हीच घ्या," दलाल म्हणाला. "तुमच्या कामाची हाय."

शहाण्या माणसाने घेतली असती. पण पाथर्डीकडे अशा जिपांत माणसं कशी कोंबतात ते मी पाहिलं होतं. दारात उभी केली असती तर रोज कुणीतरी येऊन विचारलं असतं, "कवा सुटनार?" शिवाय मी पळणारी गाडी कबूल केली होती. आणि तेवढ्यात मला कोपऱ्यात ती दिसली.

लाल! दोनच दारं, लांब नाक, बसकी चण, वर कापडी टप, आणि तो टप मागे उलटला की गाडी उघडी! कॅम्पातल्या कुणा लष्करी साहेबाची होती म्हणे. मी दार उघडून आत डोकावलो, तर टपाच्या आतून लोखंडी कमानी. मी लुगडं काढलं, कमानीला बांधलं, हाताने झोका दिला. झोळी बसली! दलालही भारावला. "स्पोर्ट गाडी हाय," तो म्हणाला, "पन अशी बाळाला लागू पडंल, हे साहेबाला बी ठाऊक नसंल."

दोन सीझनची कमाई त्याच्या हातावर ठेवून मी तडक पारनेरचा रस्ता धरला.

गाव गोळा झालं. मी हॉर्न वाजवत अंगणात गाडी घातली तेव्हा आत माझी लेक बेंबीच्या देठापासून रडत होती. इंजिनाची घरघर अंगणात आली आणि ती एकदम गप्प! मी सगळ्यांना सांगितलं, "बघा, इंजिनवाल्याची पोर आहे!" कुणी लक्ष दिलं नाही. सगळे मामांकडे बघत होते.

मामांनी बैलबाजारात बघावं तशी गाडी बघितली. एक फेरी मारली. पुठ्ठ्यावर थाप मारली. वाकून पोटाखाली पाहिलं.

"किती दाती हाय?"

"मामा, गाडीला दात नसतात."

"मग वय कसं कळायचं?"

हा प्रश्न मला दलालापुढे सुचला नव्हता.

"लई बसकी हाय," ते पुढे म्हणाले. "आजारी हाय का?"

"पळणारी गाडी अशीच असते."

"पळनारं जनावर उंच पायाचं असतंय. काय म्हंत्यात हिला?"

"स्पोर्ट गाडी."

"म्हंजे?"

आता स्पोर्ट म्हणजे काय सांगणार? मी शाळेतला अर्थ सांगितला. "खेळाची."

मामांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सावकाश म्हणाले, "खेळायची आनली ते बरं केलं. पोरगी खेळंल. आता न्यायची कुठली, ती दावा."

अंगण हसून लोळलं! दारात पोरीला घेऊन उभी असलेली सिंधूसुद्धा पदरात तोंड लपवून हसत होती, ते मी नीट पाहिलं. मी चिडून झोळी बांधून दाखवली. मामांनी ती ओढून पाहिली, गाठ पाहिली, आणि निकाल दिला, "आदी भोपळा न्या. भोपळा सुखरूप आला, तर पोरगी."

सासूबाई कामाला लागल्या. त्यांनी एका हातावर नात आणि दुसऱ्या हातावर एकेक भोपळा घेऊन वजनाला जुळणारा शोधला. त्याला दुपट्यात गुंडाळलं, डोक्याला कुंची बांधली. (भोपळ्याचं डोकं कुठलं, यावर दोन बायकांचा वाद झाला.) मग कुणाची तरी दृष्ट लागेल म्हणून त्याच्या गालावर काजळाची तीट लावली! खोटं कशाला बोलू, झोळीत तो इतका गोड दिसत होता की मलाही मायेचं भरतं आलं.

मामा म्हणाले, "मी संगं येतो."

दोन दारांच्या गाडीत मागे जायचं म्हणजे पुढची सीट पाडून शिरायचं. धोतर, फेटा आणि मामा असे तीन हप्त्यांत ते आत गेले. गुडघे हनुवटीला टेकले. झोळीची दोरी त्यांनी हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाना."

पारनेरच्या स्टँडपर्यंत जाऊन परत यायचं होतं. मी सुरुवातीला हळू होतो. मागे मामा झोळी हलवत होते, आणि माझी शपथ, भोपळ्याला "उगी उगी" म्हणत होते! सगळं इतकं छान चाललं होतं की मी जरा वेग वाढवला. मग आणखी जरा. मामांनीही दोरीचा जोर वाढवला, कारण घरात मूल किरकिरलं की ते तसंच करायचे. आणि झोळी ज्या टपाच्या कमानीला होती तो टप पुढे काचेजवळ नुसत्या दोन खिट्ट्यांवर अडकलेला होता, हे आम्हा दोघांनाही त्या वेळी सुचलं नाही.

खाट्‌कन आवाज झाला. डोक्यावर एकदम उजेड पडला. वारा सूं सूं आत घुसला. टप मागे उलटला, झोळी तिकडेच गेली, आणि पाठीमागून मामांचा आवाज आला, "...बास!"

वाऱ्यात मला पुढचं ऐकू आलं नाही. पण जे ऐकू आलं त्याने माझे कान धन्य झाले. शाब्बास! मामा मला शाब्बास म्हणाले! माझी छाती फुगली. मी आणखी दाबलं.

"बास! बास!"

"अजून बघा की, मामा!" मी ओरडलो आणि जीव तोडून गाडी पळवली.

मागे काय चाललं होतं? टप घडी होऊन मामांच्या अंगावर बसला होता. कापडाखालून फक्त एक हात बाहेर होता, हातात दोरी होती आणि फेटा रस्त्यावर लांबपर्यंत उलगडत चालला होता. अशा थाटात आम्ही स्टँडवर पोहोचलो. एक म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला, आणि झोळीतून दुपटं, कुंची आणि तीट यांसह माझं पहिलं अपत्य उडालं आणि थेट लोकांच्या पुढ्यात आपटलं.

"पोर पडलं!"

अख्खं स्टँड ओरडलं. बायकांनी हंबरडा फोडला. एक म्हातारी जिवाच्या आकांताने धावली, तिने कुंची उघडली आणि ती जागीच बसली. "अगं बया! भोपळा हाय की!"

तोवर कापडाखालून मामा बाहेर आले होते. डोकं उघडं, मिशीत धूळ. मी हसून त्यांच्याकडे पाहिलं. अजूनही मला शाब्बासकीचीच धुंदी होती.

"आवडली ना, मामा?"

"बास म्हनत हुतो," ते म्हणाले. "बास! थांबवा म्हनत हुतो मी!"

आम्ही परत येईपर्यंत बातमी आमच्या आधी गावात पोहोचली होती. "जावयानं पोरगी सांडली!" सिंधू वेशीपाशी पोरीला कुशीत घेऊन उभी होती. पोरगी आपल्याकडेच आहे हे माहीत असूनही बातमी ऐकल्यावर तिने एकदा खाली बघून खात्री केली होती, हे तिनेच मला नंतर सांगितलं. फुटलेला भोपळा सासूबाईंनी वाया जाऊ दिला नाही. ज्याने माझी अब्रू घालवली त्याचेच घारगे रात्री माझ्या ताटात आले. छान झाले होते.

मामांचा निर्णय झाला. पोरगी जाईल, पण एस.टी.ने. मला बोलायला तोंड होतं कुठे?

दुसऱ्या दिवशी सिंधू, पोरगी आणि पोचवायला म्हणून मामा एस.टी.त बसले. मागून माझी लाल गाडी धूळ खात निघाली. आत काय? पाळणा, बाळंतविडा, डिंकाचे लाडू आणि उरलेले घारगे. जिल्ह्यातली सगळ्यात पळणारी गाडी एस.टी.च्या मागे हमाली करत होती! मला इतकं वाईट वाटलं की मी वाटेत चार लाडू खाल्ले.

सुप्याला एस.टी. थांबली. पोरगी निघाल्यापासून रडत होती. रडून रडून आवाज बसला तरी थांबत नव्हती. सगळे प्रवासी टेकीला आले होते. मी माझी गाडी शेजारी लावली. (इंजिन बंद केलं नाही. एकदा बंद पडलं की ढकलायला चार माणसं लागायची.) घरघर खिडकीतून आत गेली, आणि पोरगी गप्प! हुंदका देऊन चक्क हसली.

आनंदाच्या भरात मी उतरायला म्हणून इंजिन बंद केलं. पोरीने सूर लावला.

"ओ लाल गाडी!" कंडक्टर ओरडला. "चालू ठेवा, बाबा! पाया पडतो!"

चार प्रवाशांनी खाली उतरून गाडी ढकलली. इंजिन सुरू झालं. पोरगी गप्प. एस.टी.तून एकच गिल्ला झाला, "तिकडंच बसवा पोरीला!"

सिंधू उठली. "तात्या, मी ह्यांच्या गाडीत बसते. मांडीवर घेते. झोळी न्हाई, दोरी न्हाई." आणि माझ्याकडे वळून, "आन पळवायची न्हाई."

मामा उतरले, गाडीच्या मागच्या भागात पुन्हा तीन हप्त्यांत शिरले, आणि दोन्ही हात वर करून टप धरून बसले. मी खिट्ट्या तारेने आवळल्या होत्या, तसं सांगितलंही. त्यांनी हात काढले नाहीत. सुप्यापासून शेवगावापर्यंत मी बैलगाडीला वाट देत देत गेलो, आणि माझी लेक सिंधूच्या मांडीवर, माझ्या इंजिनाच्या आवाजात, गाढ झोपली होती. तेवढा अभिमान मला आयुष्यात पुन्हा कशाचा वाटला नाही.

घरी आई भाकरतुकडा घेऊन दारातच होती. बातमी शेवगावातही आली असावी, कारण ओवाळण्याआधी तिने हळूच कुंची वर करून आत पोरगीच आहे ना, ते पाहिलं. मामा उतरले तेव्हा त्यांचे हात आखडून वरच राहिले होते. शेजाऱ्यांना वाटलं, व्याही शरण आले.

हात खाली यायला बराच वेळ लागला. मग मामांनी झोपलेल्या नातीकडे पाहिलं, गाडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटले.

वारा नव्हता. टप जागेवर होता. तरी मी मुद्दाम विचारलं, "मामा, नीट ऐकू आलं न्हाई. काय म्हणालात?"

"काय न्हाई," ते म्हणाले, आणि पायरी चढून आत गेले.

सिंधू शपथेवर सांगते की ते "बास" म्हणाले. मी मात्र आजतागायत सगळ्यांना शाब्बासच सांगत आलो आहे. गाडी चालवणारा मी होतो, ऐकायचं काय ते मीच ठरवणार!