चौथ्या गिअरमधला आवाज

नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतो म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तो आतून ओरडायचा, "रिंग गेलीय! ढकलत आणा, चालवू नका." गॅरेज एवढंसं. दोन गाड्या आत आल्या की तिसरीने उन्हात तिष्ठायचं. पण शर्यतीच्या टू-स्ट्रोक गाड्या घेऊन लोक लांबलांबून यायचे. तो त्यांना वाट्टेल तसं बोलायचा, तरी यायचे.

त्याला एकच मुलगी, आणि ती सुपरमोटो चालवायची. म्हणजे मातीतली उंच मोटरसायकल घ्यायची, तिला रस्त्यावरचे गुळगुळीत टायर चढवायचे आणि थोड्या डांबरी, थोड्या मातीच्या ट्रॅकवर पळवायची. इंजिन बापाने बांधायचं, पळवायचं लेकीने. आई दोघांचे तेलकट कपडे वेगळ्या बादलीत भिजवत म्हणायची, "खाण तशी माती, दुसरं काय!"

लेक तेवीस वर्षांची झाली तेव्हा तिने विषय काढला. "बाबा, आता सगळे फोर-स्ट्रोकवर गेलेत. वळणाआधी थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडी आवरतं. बाहेर पडताना जोरही बेताबेताने येतो. आपली गाडी एकतर झोपलेली असते, नाहीतर अंगावर धावून येते."

"आणि ते धूड मातीत आवरणार कोण, तुझा आजा? फोर-स्ट्रोक म्हणजे शिवणयंत्र. झडपा, साखळ्या, नुसता पसारा. टू-स्ट्रोक हलकी आहे, चपळ आहे. फक्त मनगटात दम लागतो."

"दम आहे हो. पण तो दर वळणाला पणाला लावायचा?"

तो पान्हा घेऊन पुन्हा इंजिनाकडे वळला. पण चारच दिवसांनी त्याला बाहेरून कळलं, की एका मोठ्या टीमने तिला शब्द दिलाय: हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आलीस तर पुढच्या वर्षी आमच्याकडे. गाडी अर्थातच फोर-स्ट्रोक. लेकीने आपल्याला सांगितलं नाही, हे त्याच्या जिव्हारी लागलं. जायचंच असेल तर जाऊ दे, पण माझ्या टू-स्ट्रोकवर जिंकून जाऊ दे, असं त्याने मनाशी धरलं.

शर्यतीच्या आदल्या दुपारी ऊन रणरणत होतं. त्याने कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा जेट बारीक भोकाचा बसवला. पेट्रोल थोडं कमी गेलं की टू-स्ट्रोक मोकळी पळते. पण तिचं तेल त्या पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल फारच कमी पडलं तर पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकून बसतो. शर्यतीच्या सकाळी आभाळ भरून आलं, गार वारा सुटला. गार हवा घट्ट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. मोठा जेट बसवायला हवा हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

सरावाचा फेरा मारून लेक आली. "बाबा, चौथ्या गिअरमध्ये काहीतरी टिणटिणतंय. ऐका ना एकदा."

त्याने ते ती सांगायच्या आधीच ऐकलं होतं. पण आज गाडी कधी नव्हे इतकी पळत होती.

"हेल्मेटमध्ये काहीही ऐकू येतं," तो म्हणाला. "जा तू."

सहाव्या फेरीत ती दुसरी होती. सरळ पट्ट्याच्या शेवटी इंजिन जागच्या जागी अडकलं, मागचं चाक जाम झालं आणि ती टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. कंबरेचं हाड आणि डावा गुडघा. तीन ऑपरेशनं झाली.

टीमचा मॅनेजर हॉस्पिटलमध्ये आला. "नेमकं काय झालं?" त्याने विचारलं. बाप तोंड उघडणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "माझीच चूक. ब्रेक उशिरा दाबला."

बाप मूग गिळून उभा राहिला. डोक्याला मार लागलाय, तिला खरंच तसं वाटत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. संध्याकाळी इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. त्याने तो भंगारात टाकला आणि वर जुन्या साखळ्या ओतल्या.

'पोरगी चांगली आहे, पण ब्रेकला चुकते,' असा बोभाटा झाला. दोन वर्षांनी डॉक्टरांनी चालवायला परवानगी दिली, तेव्हा गाडी द्यायला कोणी तयार नव्हतं. तिने दुसऱ्या गावी वाहनतपासणीच्या कचेरीत टेबलावरची नोकरी धरली. सुट्टीला घरी यायची, पण गॅरेजची पायरी चढायची नाही. इकडे कानसेनने टू-स्ट्रोकची कामं घेणं बंद केलं. लोक म्हणाले, वय झालं.

अपघातानंतर सातव्या वर्षी आई गेली. लेक आठ दिवस राहिली. निघण्याच्या आदल्या दुपारी ती स्वयंपाकघरातले डबे पुसत होती आणि तो नुसताच स्टुलावर बसला होता.

"त्या दिवशी ब्रेकचं काही नव्हतं," तो एकदम म्हणाला. "जेट मी बदलला नाही. मला ऐकू आलं होतं."

ती डबा पुसतच राहिली. "माहीत आहे. चाक अडकलं तेव्हा मी ब्रेकला हातही लावला नव्हता. क्लच दाबेपर्यंत हवेत होते."

"मग तू खोटं का..."

"तुमच्याकडे पुन्हा गाडी कोणी आणली असती?" तिने झाकण लावलं. "मला वाटलं, घरी गेल्यावर सांगाल. मग वाटलं, मी चालायला लागले की सांगाल. आई तर दर फोनला म्हणायची, थांब, सांगतील ते."

"आईला ठाऊक होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

सात वर्षं ती बाई त्याला रोज समोर बसवून वाढत होती, आणि त्याबद्दल तिने ब्रही काढला नव्हता.

"मला माफ करशील?"

"राग कधीच गेला, बाबा," लेक म्हणाली. "पण त्याच्या जागी दुसरं काही आलंच नाही. खोटं कशाला बोलू?"

सकाळच्या बसने ती गेली. महिन्याभराने तो ट्रॅकवर गेला. मॅनेजरचे केस आता पिकले होते. कानसेनने त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं: जेट, गार वारा, पिस्टन. मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, कोणाला आठवतंय आता ते? कोण मुलगी म्हणालात?"

त्याने तिचं नाव सांगितलं, दोनदा सांगितलं. मागून फोर-स्ट्रोक गाड्या जाड आवाजात घुमत गेल्या, तेव्हा मॅनेजरचं लक्ष तिकडे गेलं.

घरी येऊन त्याने लेकीला फोन लावला. "मी सांगून आलो त्यांना."

"बरं." ती म्हणाली. "जेवलात?"

"नाही अजून."

"मग जेवून घ्या," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.