राखीव जागेची उमेदवार

एखाद्या गावात बिनविरोध निवड झाल्याची बातमी वाचली, की ती केस आजही माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. मी तेव्हा निपाणी भागातल्या एका ग्रामीण ठाण्यात पीएसआय होतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या होत्या. आम्हा पोलिसांच्या लेखी निवडणूक म्हणजे बंदोबस्त. कोण कशासाठी उभं राहतंय, याच्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं.

सकाळची हजेरी आटोपत होती, तोच एक म्हातारी ठाण्यात आली. हेड कॉन्स्टेबलनं कन्नडमधून विचारलं, तिनं मराठीतून सांगितलं, "माझी सून काल सांजपास्नं घरात न्हाय. ल्योक म्हणतोय, म्हायेरी गेली. म्हायेरला जाताना बाई एक लुगडं तरी संगं न्हेईल का न्हाई?"

सून घरी विड्या वळायची. त्यांच्या वॉर्डातली जागा अनुसूचित जातीतल्या महिलेसाठी राखीव झाली होती. गावातल्या एका बड्या बागायतदारानं आपल्या मर्जीतल्या दुसऱ्याच एका गड्याची बायको तिथं बसवायचं ठरवलं होतं. दुसऱ्या कुणी अर्ज भरायचा नाही, असं गावात फिरवलंही होतं. पाण्याचा नळ यांच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला होता. तो आत आणायचा म्हणून ही सून म्हणाली होती, मी निवडणुकीला उभारणार. अर्ज भरायचा शेवटचा दिवस उद्यावर आला होता.

बेपत्ता म्हणून नोंद केली. थोड्या वेळानं स्टँडवर प्रवासी भरणाऱ्या एका वडाप जीपवाल्यानं आमच्या शिपायाला बाजूला घेऊन सांगितलं, "ती आन् तिचा दीर काल पांढऱ्या गाडीतनं बेळगावच्या बाजूला गेल्यात. बाई रडत हुती."

दिराचा पत्ता नव्हता. मी नवऱ्याला बोलावून घेतलं. चौकशीत मी सहसा आवाज चढवत नसे. समोर बसवायचं, चहा द्यायचा आणि आपण कागद चाळत राहायचं. शांतता माणसाला फार वेळ सोसवत नाही. चहा निवत आला तसा तोच म्हणाला, "साहेब, उद्या पंचायतीत अर्ज किती वाजेपर्यंत घेत्यात?"

ज्याची बायको हरवली आहे, तो माणूस ती सापडली का, एवढंच विचारतो.

मी म्हटलं, "तीनपर्यंत. तोवर तिला कुठं ठेवायचं ठरलंय?"

तो रडायलाच लागला. "जांबोटीला आमच्या मावशीकडं हाय. मारलं न्हाई तिला कुणी. येळ टळली की आणून सोडणार हुतो. त्या बागायतदाराच्याच रानात कामाला हाय साहेब मी, न्हाय कसं म्हणू?"

महिला कॉन्स्टेबलला घेऊन आम्ही तडक निघालो. जांबोटीत पोचलो तेव्हा ऊन कलत होतं, खळ्यांवर भाताची मळणी चालली होती. गणवेश बघून दीर स्वतःच बाहेर आला. परसात, गोठ्याच्या बाजूला ती बसली होती. मला बघून ना रडली, ना उठली. विचारलं एवढंच, "तारीख गेली का साहेब?"

"नाही. उद्या आहे."

तेव्हा कुठं तिनं पदर सावरला आणि उभी राहिली.

जबाब देताना म्हणाली, "नवऱ्यावर केस नको. त्यो भितो. ज्यानं गाडी धाडली त्याचं नाव लिवा." कुणाला वगळायचं ते तिच्या हातात नव्हतं, माझ्याही नव्हतं. पण जबाब मी तिच्याच शब्दांत उतरवून घेतला. डांबून ठेवल्याच्या त्या गुन्ह्यात बागायतदाराचं नाव आलं, तेव्हा लिहिणारा माझा रायटर क्षणभर थांबून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "लिहा."

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज भरला. सूचक म्हणून सासूनं अंगठा दिला. गल्लीतल्या बायका हातातल्या विड्या टाकून पंचायतीसमोर जमल्या होत्या.

पुढं कोर्टात साक्षीदार फिरले, बागायतदार सुटला. निवडणूकही ती हरली. मतमोजणीच्या ठिकाणी मी तिला विचारलं, "वाईट वाटलं?"

"वाटलं की," ती म्हणाली. "पर मला मत देणारी माणसं गावात हायत, हे आता त्यास्नी बी कळलं."

ते वाक्य घेऊन मी ठाण्यावर परतलो. त्यानंतर बंदोबस्ताला उभं असताना भाषणं कान देऊन ऐकायला लागलो. मोर्चा आला, तर तो कशासाठी आला हे विचारायला लागलो. सुरुवातीला नुसतं कुतूहल होतं. पुढं वाचन वाढलं, राखीव जागा, मजुरी, पाणी यांवर सहकाऱ्यांशी वाद घालण्यापर्यंत गाडी गेली. ते दिवस, ते वाद, ठाण्यातला तो गुळचट चहा, सगळं आता फार हवंहवंसं वाटतं.

आता निवृत्त होऊन मी बेळगावच्या वडगावात राहतो. वॉर्डातली एकही सभा चुकवत नाही. बायको हसते, "नोकरीत सभेला उभं राहून पाय दुखलं न्हाईत व्हय, आता बसायला जाताय?" मतपेटीवर पहारा मी कितीतरी वेळा दिला, पण माणसाला तिच्यापर्यंत पोचूच न देणं किती सोपं असतं, हे मला त्या केसनं दाखवलं. म्हणून सभेत कुणी म्हणालं, की सगळ्यांचं एकमत झालंय, की मी उठतो आणि विचारतो, इथं आज कोण आलेलं नाही?