चिमणी आधी गेली

सुमनताई गेल्याचं कळलं तसे तिच्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येऊ लागले. "बाईंनी आम्हाला पशुपक्षी ओळखायला शिकवलं हो..." मी फोन ठेवून द्यायची. आज पाच आठवडे झाले, अजून मला कुणाशी धड बोलता येत नाही.

माझी ही मोठी बहीण तारनाक्याच्या एका शाळेत तीस वर्षं बालवर्गाला शिकवायची. एकदा मी तिच्या वर्गात बसले होते. खिडकीबाहेरून म्हैस चाललेली पाहून एक तेलुगू मुलगी ओरडली, "कुक्का!" म्हणजे कुत्रा. मला हसू फुटलं. ताईने दटावलं, "हसू नकोस गं. चार पाय, शेपूट... बरोबर ओळखलंय तिनं. शब्द एकच आहे तिच्याकडे." मग मुलीला कडेवर घेऊन ती थेट म्हशीजवळ गेली, शिंगं दाखवली. आठवड्याभरात मुलीची म्हैस कुत्र्यांतून वेगळी झाली.

दोन वर्षांपूर्वी ताईची चिमणी गेली. गॅलरीतल्या चिमणीकडे बोट दाखवून म्हणाली, "तो पक्षी बघ." पुढे कावळा, पोपट, कोंबडी, सगळे नुसते पक्षीच. डॉक्टर म्हणाले, शब्द असेच जात राहतील, परत येणार नाहीत. मी ऐकलं नाही. रोज सकाळी तिला चित्रांच्या तक्त्यासमोर बसवायची. "ही गाय. म्हण, गाय." ती म्हणायची, "कुत्रा." मांजर कुत्रा, घोडा कुत्रा. एक दिवस मी किंचाळले, "अगं, शिंगं दिसत नाहीत का तुला?" ती दचकली. "हौ, हौ... दिसतात," म्हणाली. माझी समजूत काढायला.

तिथंच थांबायला हवं होतं मी...

शेवटी दवाखान्यात नर्सने माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, "अम्मा, ये कौन है?" सुशी हे माझं नाव नको, निदान बहीण तरी म्हण... ताईने माझ्याकडे पाहिलं. "बाई," म्हणाली. नर्सलाही ती बाईच म्हणायची.

मला वाटलं, जुन्या तक्त्याचे रंग उडालेत, म्हणून होत असेल असं. दुसऱ्या दिवशी नवा आणायला हिमायतनगरला गेले. ती गेल्याचा फोन मला दुकानातच आला. फोन ठेवला, तर दुकानदार दोन तक्ते उलगडून समोर उभा. "मॅडम, बच्चा कित्ते साल का है?"

मी दोन्ही घेतले. ताईच्या पलंगावर ते अजून गुंडाळलेलेच पडलेत.