उणे चाळीस

आमची गाडी अवसेनंतर बंद पडते, हे सगळ्यात आधी सासूबाईंनी ओळखलं, आणि त्यावरून मी त्यांच्याशी भांडले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुरतेत बमरोलीच्या बाजूला आमची सोसायटी होती. मी एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरीही शिकवल्यासारखीच बोलायचे, असं नवऱ्याचं म्हणणं. तो इच्छापोरच्या एका कारखान्यात होता. रोज तापी ओलांडून हजिरा रस्त्यानं जायचा. तो रस्ता म्हणजे टँकर आणि ट्रेलरची रांग, त्यात आमची पांढरी छोटी गाडी. गाडी नवी होती, कार्ब्युरेटर नसलेली, इंजिनाला आत कॉम्प्युटर असलेली. सोसायटीत तशी पहिलीच, त्यामुळे सुरुवातीला आमचा रुबाब होता.

सासूबाई यवतमाळहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. सासरे पूर्वीच गेले होते, रस्त्यावर, जीपमध्ये. सरकारी कामानं निघाले आणि परत आले ते दुसऱ्यांच्या खांद्यावर. त्या दिवशी अवस होती. सासूबाई हे कधी सांगत नसत, पण नवरा सकाळी गाडी काढायला लागला की त्या गॅलरीत येऊन उभ्या राहत. गाडी वळणाआड गेली तरी तिथंच उभ्या असत. कारखान्यातून पोहोचल्याचा फोन येईपर्यंत त्या अन्नाला शिवत नसत. मला हे फार जड व्हायचं. एखाद्याची काळजी इतकी उघड्यावर वाळत घातलेली असली, की घरातल्या बाकीच्यांना वावरायला जागा उरत नाही.

गाडी घेतली तेव्हा त्यांनी पुढे लिंबू-मिरची बांधली होती. नवऱ्यानं ती सोडून ठेवली. "आई, कारखान्यात लोक हसतात," म्हणाला. त्या गप्प बसल्या म्हणजे त्यांनी ऐकलं, असं आम्ही दोघंही समजलो.

मग गाडी बंद पडायला लागली. चालता चालता इंजिन गुदमरायचं, मागून काळा धूर निघायचा आणि सगळं थांबायचं. थोडा वेळ गेला की पुन्हा सुरू व्हायची, जणू काही झालंच नाही. काही दिवस हा छळ चालायचा आणि मग गाडी आपोआप शहाणी व्हायची. कोपऱ्यावरचा मेकॅनिक आधी बॅटरीची वायर काढायचा, परत लावायचा आणि "हो गया" म्हणायचा. वर्कशॉपची पाळी येईपर्यंत गाडी ठणठणीत झालेली असायची. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटर जोडला आणि सांगितलं, काहीही दोष नाही.

"दोष कसा दिसन," सासूबाई म्हणाल्या. "अवस झाली का चार-सहा दिवस असंच होते. मग उतरते. तुमी पाहून घ्या."

"आई, गाडीला पंचांग कळत नाही," मी म्हणाले आणि बरंच काही म्हणाले. पण त्या रात्री कॅलेंडरसमोर उभी राहून मी गाडी बंद पडल्याच्या तारखा मोजल्या. त्यांचं बरोबर होतं. दर वेळी अवसेनंतरच. मी चिडले. मला घाबरायचं असलं की मी आधी चिडते.

पुढच्या खेपेला हजिरा रस्त्यावर गाडी मधल्या लेनमध्येच मेली आणि मागचा टँकर इतक्या जवळ येऊन थांबला, की नवऱ्याला आरशात त्याची फक्त जाळी दिसत होती. हे त्यानं घरी मला एकटीला सांगितलं. सांगताना हसत होता, पण आईला सांगू नकोस, असं दोनदा म्हणाला. त्या दिवसापासून मला एवढंच कळत होतं, की पुढची अवस यायच्या आत हे शोधायचं, नाहीतर हा माणूस सासऱ्यांच्याच वाटेनं जायचा.

म्हणून आम्ही स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष वाचायचं मशीन, घ्यायला गेलो. रिंगरोडच्या मागे एका गल्लीत बाहेरून आणलेली हत्यारं विकणारं दुकान होतं. शेठ आधी विश्वास ठेवीना, की ही बाई गॅरेज नसताना मशीन मागते आहे. मग म्हणाला, "बेन, पहेला गाडीनुं सॉकेट बतावो." त्या काळात प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं असायचं. कितीही भारी मशीन आणलं तरी केबल बसली नाही तर ते नुसतं वजन. त्यानं डॅशबोर्डखाली मान घालून पाहिलं आणि काउंटरवर आमच्या गाडीला चालतील अशी तीन मशीनं मांडली.

पहिलं अगदी लहान होतं. दोषाचा फक्त नंबर दाखवायचं, अर्थ आपण पुस्तकात शोधायचा. दुसरं नंबर दाखवायचं आणि एका बटणानं तो पुसूनही टाकायचं. नवऱ्याला हेच आवडलं. दोष आला की पुसायचा आणि पुढे जायचं, असा त्याचा एकूण आयुष्याबद्दलच विचार होता. मी त्याला तिथंच दुकानात विचारलं, "तो मेकॅनिक बॅटरी काढून इतके दिवस दुसरं काय करत होता? गाडीच्या मनातलं पुसतच होता ना? तुम्ही पण तेच करणार, फक्त महाग करून?"

तिसरं मशीन विटेएवढं जाड, लांब केबलचं. त्याला नंबरही कळायचे, पण त्याचं खरं काम वेगळं होतं. इंजिन चालू असताना कॉम्प्युटरला त्या क्षणी काय काय जाणवतंय, ते आकड्यांत दाखवायचं. इंजिनाचे फेरे, आत येणारी हवा, पाण्याचं तापमान. बिघाड येऊन-जाऊन असला तर हेच घ्या, नंबर नंतर सापडत नाही, असं शेठनं समजावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कोड तो मरेला माणसनुं नाम छे, बेन. आ जीवतुं बतावे छे."

कोड म्हणजे मेलेल्याचं नाव, हे मशीन जिवंत दाखवतं, ही तुलना ऐकून मला बरं वाटलं नाही, पण मशीन मी तेच घेतलं. नवरा घरी येईपर्यंत फुगून बसला होता.

घरी जोडून पाहिलं तर सगळे आकडे सज्जन. पाणी हळूहळू तापलं, पंखा फिरला, पाणी निवलं. सासूबाई खाली येऊन माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होत्या.

"ह्याच्यात काय दिसते?"

"गाडीच्या आतलं."

"आतलं सगळं दिसते?"

"सगळं," मी तोऱ्यात म्हणाले. त्या एकदम मागे सरकल्या आणि जिना चढून गेल्या. मला वाटलं, मशीनला बिचकल्या.

अवस शनिवारी आली आणि रविवारी नेहमीसारखी गाडी धुऊन झाली. नवरा बॉनेट उघडून ठेवायचा आणि सासूबाई पाण्याची बादली आणून द्यायच्या. तेवढंच गाडीचं काम त्या करायच्या. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होतीच, म्हणून सोमवारी मी मशीन मांडीवर घेऊन नवऱ्याशेजारी बसले आणि त्याच्याबरोबर निघाले. गॅलरीत सासूबाई उभ्या होत्या. आज दोघंही जातोय हे पाहून त्यांनी कठडा धरला.

मे महिना होता. डांबर चिकट झालेलं. तापी ओलांडली तोवर आकडे ठीक होते, पाणी ऐंशीच्या वर, जसं असायला हवं तसं. मग मला वास आला. करपलेल्या मिरचीचा, दृष्ट काढल्यावर चुलीतून येतो तसा ठसक्याचा वास. गाडीत, बंद काचांच्या आत. नवरा खोकला.

"हा वास येतो तुम्हाला?"

"येतो ना. बंद पडायच्या आधी दर वेळी येतो." त्यानं हे मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. "म्हटलं, तू हसशील."

मी हसले नाही. पडद्याकडे पाहिलं. पाण्याच्या तापमानापुढे उणे चाळीस लिहिलं होतं. क्षणात पुन्हा शहाऐंशी. पुन्हा उणे चाळीस. बाहेर माणसं डोक्यावर ओला पंचा टाकून चालत होती आणि आमच्या पुढ्यात, त्या पत्र्याखाली, हाडं गोठवणारी थंडी असल्याचं मशीन सांगत होतं. शाळेत शिकवलेलं सगळं मला येत होतं. तार तुटली की असा आकडा येतो, कॉम्प्युटर फसतो, गारठलेलं इंजिन समजून पेट्रोल ओतत राहतो, इंजिन गुदमरतं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरीही मला वाटत होतं, की आत कुणीतरी बसलं आहे आणि ते थंडगार आहे.

उणे चाळीसवर आकडा थांबला आणि गाडी मेली.

मागून हॉर्नचा लांब आवाज आला. नवऱ्यानं गाडी तशीच उरलेल्या वेगानं कडेला नेली. ट्रेलर शेजारून गेला तेव्हा आमची काच थरथरली. मशीनवर अजून उणे चाळीसच होतं.

नवऱ्यानं रस्त्याकडेच्या बूथवरून कारखान्यात फोन करून दांडी मारली. गाडी सुरू होत, पुन्हा बंद पडत, उन्हं कलताना आम्ही घरी पोहोचलो. तो वर गेला. मी मात्र गाडी पार्किंगमध्ये चालूच ठेवली, मशीन डॅशबोर्डवर माझ्याकडे तोंड करून टेकवलं आणि बॉनेट उघडलं. शेठनं सांगितलं होतं, एकेक वायर हलवा आणि आकड्याकडे बघा. हाताला फडकं गुंडाळून मी एकेक हलवत गेले. आकडा शहाऐंशीवरून जागचा हलेना. मग इंजिनामागे, जाड पाइपाच्या खाली हात घातला आणि बॉनेटच्या कडेनं काचेतून आत पाहिलं, तर उणे चाळीस.

फडक्यातून माझ्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. गरम आणि ओलं.

मी किंचाळले नाही, एवढंच. इंजिन बंद केलं, पडदा दिसत राहावा म्हणून चावी अर्धी फिरवून ठेवली आणि वाकून पाहिलं. काळ्या फडक्याची एक पुरचुंडी होती. काळ्या दोऱ्यानं ती पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरलाच घट्ट बांधलेली होती आणि तिच्या वजनानं वायर प्लगमधून ओढली गेली होती. प्लगच्या पितळेवर हिरवा थर चढला होता. मी गाठ सोडली. आत एक लिंबू, अर्धवट शिजलेलं. करपलेल्या मिरच्या, बिब्बा, मीठ. खाली चिंधीत बांधलेले काळे मणी. मंगळसूत्राचे.

"त्याले हात नको लावू."

सासूबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या मण्यांकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही.

मला सगळं एका दमात समजलं. पुढे बांधू दिलं नाही म्हणून त्यांनी आत बांधलं होतं. दर अवसेनंतर नवं, गाडी धुताना बॉनेट उघडं असायचं तेव्हा. ताजं लिंबू जड असायचं, वायर ओढायचं, त्याचा आंबट रस प्लगात उतरायचा. मग इंजिनाच्या आचेनं लिंबू वाळायचं, हलकं व्हायचं, आणि गाडी शहाणी व्हायची. त्यांनी मोडलेल्या मंगळसूत्राचे मणी इतकी वर्षं जपले होते आणि ते लेकाच्या राखणीला ठेवले होते. त्याच राखणीनं त्याला टँकरपुढे नेऊन उभं केलं होतं.

माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. माझी जीभ अशा वेळी कधी थांबत नाही.

"म्या बांधलं म्हणून बंद पडत होती का व?" त्यांनीच विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"नाही," मी म्हणाले. "वायर मुळातच सैल होती. कंपनीतूनच तशी आली."

त्यांनी पुढे येऊन मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. गाठ सोडल्यावर उणे चाळीस जाऊन तिथं पुन्हा शहाऐंशी आलं होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. मग त्या वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं प्लग बदलला. पुरचुंडीबद्दल मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "वो तो पहले दिन से देखा था, बेन. किसी का बांधा हुआ काला हम नहीं छेड़ते." वर्कशॉपमध्येही कुणीतरी पाहिलंच असणार. सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कुणीही हात लावला नव्हता. मशीन घेतलं नसतं तर मीही लावला नसता, हे मला तेव्हा कळलं.

गाडी त्यानंतर कधी बंद पडली नाही. मशीन मी कपाटात वर ठेवून दिलं.

पुढची अवस आली. सकाळी मी पोळ्या लाटत होते, सासूबाई ओट्यापाशी आल्या आणि नवं काळं फडकं माझ्यासमोर ठेवलं. आत लिंबू, मिरच्या, बिब्बा, मीठ. आणि ते मणी.

"आता तूच बांधत जाय," त्या म्हणाल्या. "तुले मालूम आहे कुठं नाही बांधाचं ते."

म्हणजे त्यांनी माझं खोटं त्याच दिवशी ओळखलं होतं. महिनाभर त्या ते एकट्या घेऊन बसल्या होत्या आणि मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. मला रडू आलं. मी पोळपाटाकडे बघत राहिले.

मी खाली गेले आणि पुरचुंडी ड्रायव्हरच्या सीटखाली बांधली, एकाही वायरला लागणार नाही अशी. नवऱ्यानं पाहिलं आणि या वेळी ती सोडली नाही. गाडी निघाली. मी गॅलरीत आले ती वळणाकडे बघत राहिले. शाळा दुपारची होती. ताट वाढून ठेवलं होतं, पण मी त्याला शिवले नाही. फोनकडे पाहत बसले. मधेच मला वाटलं, घरात करपलेल्या मिरचीचा वास येतो आहे. गॅस बघितला, तो बंद होता.

फोन यायला उशीर झाला. आतल्या खोलीत डोकावले तर सासूबाई जेवून, ताट धुऊन, गाढ झोपल्या होत्या.