तेरा नंबरचा पाना

अशा धाग्यांवर मी आजवर फक्त टवाळक्या करायला आलो आहे. जुने सदस्य साक्षीला आहेत. कुणी लिहिलं, "माळ्यावर पावलं वाजली", की खाली पहिली कॉमेंट माझी — "घूस असेल, सापळा लावा." तेव्हा आता माझी पाळी आल्यावर तुम्ही मला सोडणार नाही, हे धरूनच लिहितोय. भूत नाही, स्मशान नाही, अमावस्याही नाही. दुपारचे साडेचार, लख्ख ऊन. झालं एवढंच, की मी माझ्या वडिलांवर तीन वेळा गोळी झाडली. ते सांगलीला मजेत आहेत, आज सकाळीच त्यांनी मला व्हॉट्सॲपवर गुडघेदुखीचा काढा पाठवला. तेच तर सांगायचंय…

मी इकडे दक्षिण गोलार्धात, हॅमिल्टनला असतो. मेकॅनिकल इंजिनिअर, गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं लावणं-दुरुस्त करणं हे काम. त्यातून ग्रॅहम या शेतकऱ्याशी ओळख झाली. रॅग्लनच्या रस्त्याला त्याचं फार्म आहे. तिथे सशांचा इतका सुळसुळाट, की गायींना गवत उरत नाही. इकडे ससा म्हणजे गोंडस प्राणी नाही, आपल्याकडे शेतात रानडुक्कर तसा. ग्रॅहमनेच मला नादाला लावलं. रीतसर लायसन्स काढलं, एक जुनी पॉइंट टू-टू रायफल घेतली. पहिल्या दिवशी मी त्याच्या गायींच्या पाण्याच्या हौदाला भोक पाडलं, दुसऱ्या दिवशी कुंपणाचा खांब गारद केला. ससे मला ओळखायला लागले होते. गौरी, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "अरे, त्यांना तुझी भीती नाही वाटत, करमणूक वाटते."

त्या वर्षी आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवून रिटायर झालेले. मुकं लोखंड त्यांच्याशी बोलतं, पण माणसांचं ऐकायला कानात मशीन लागतं. आणि आई… आई खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला बसवणारी. विळी, कात्री, शिवणयंत्र, बाबांची कानस. प्रत्येकाला हळद-कुंकू लावून हळूच सांगायची, "घरच्या माणसाला लागू नकोस गं बाई." आणि दसऱ्याला सकाळी पूजा उचलेपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही. लहानपणी मी नवमीला पेन्सिलला टोक केलं म्हणून धपाटा खाल्लाय.

ऑक्टोबरात नवमी आली. आई म्हणाली, "तुझी बंदूक काढ."

"आई, ती कुलपातच ठेवावी लागते. इथला कायदा आहे."

"मग देवाने कपाटात जाऊन बघायची का?"

तोड निघाली. बंदुकीचा बोल्ट वेगळा होतो. बोल्ट म्हणजे मागे-पुढे सरकवून गोळी आत ढकलायचा दांडा, आणि गोळीच्या बुडावर आपटणारी पिन त्याच्या पोटातच असते. तो काढला की बंदूक म्हणजे नुसती नळी. मी तो ताटात ठेवला. आमचं देवघर चादरी-टॉवेलांच्या कपाटात, मधल्या फळीवर. झेंडू या दिवसांत इथे नसतो, म्हणून आईने बागेतली पिवळी डेझी वाहिली. कुंकू लावलं, ते वाक्य पुटपुटली.

अकरा वाजता ग्रॅहमचा फोन. वरच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपणाच्या कुरणात, ससे मोकाट आहेत, येतोस का?

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं ते सोडा. आई स्वयंपाकाला लागली तसा मी बोल्ट उचलला, तेलाच्या फडक्याने कुंकू पुसलं, आणि त्या जागी टूलबॉक्समधला तेरा नंबरचा नवा कोरा पाना ठेवला. लांबी साधारण तेवढीच. आईला मोतीबिंदू. तरी संशय नको म्हणून पान्यावर माझ्याच बोटाने हळद-कुंकू लावलं आणि वर डेझी पसरली. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो, की निघताना देवाला नमस्कारही केला.

"ग्रॅहमच्या मशीनचं काम आहे," मी सांगितलं. बाबा लगेच चपला घालून तयार. त्यांना मशीन म्हटलं की पुरे. बंदूक डिकीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. डोक्याला तपकिरी माकडटोपी, वर गोंडा. ऑक्टोबर म्हणजे इकडे वसंत ऋतू, पण सांगलीच्या माणसाला तो सोसत नाही. फार्मवर पोचेपर्यंत जेवणाची सुस्ती आली होती. कानातलं मशीन काढून त्यांनी सीट मागे केली.

"मी मशीन बघून येतो, तुम्ही पडा," मी खुणेने सांगितलं.

ग्रॅहम खाली गोठ्यात. मी एकटा वर गेलो. नुकतीच एक सर येऊन गेलेली, गवत ओलं, बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या काचेवर थेंब. चारच्या सुमारास पहिला ससा दिसला. बार उडाला, ससा निघून गेला. म्हणजे नेहमीसारखंच. बंदूक ठणठणीत होती, एवढं ध्यानात ठेवा.

मग मी बांधाला टेकून पालथा पडलो. समोर साठेक मीटरवर एक घळ, तिच्या काठावर पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्सची झुडपं. झुडपाखाली तपकिरी पाठ. मग एक कान हलला.

मला कान दिसला. देवाशपथ दिसला. लायसन्सच्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात — काय आहे हे शंभर टक्के कळल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. मला शंभर टक्के कळलं होतं.

चाप ओढला. टिक.

गोळी उडाली नाही की एक नियम असतो. उशिरा उडण्याची भीती असते, म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबायचं. मी थांबलो. फक्त नळी फिरवली नाही. म्हटलं, उशिरा उडालीच तर ससा तरी मिळेल. तीस मोजले, गोळी बाहेर काढली, खिशात टाकली, दुसरी भरली.

टिक.

ससा पळाला नाही. सशाचे कान म्हणजे काय असतात, ग्रॅहमच्या फार्मवर मी शिंकलो तरी मैदान साफ होतं. हा तिथेच. आणि सगळं फार शांत झालं होतं. मगाशी दोन मॅगपाय पक्षी ओरडत होते, ते गप्प. वारा होता, गवत हलत होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता… कुणीतरी माझ्याही कानातलं मशीन काढून घेतल्यासारखं. पुन्हा तीस मोजले. ते मोजणं तेवढं मला ऐकू येत होतं.

तिसरी. टिक.

चौथी गोळी भरली. बोट चापावर होतं. आणि ससा उभा राहिला.

उभाच राहत गेला. आधी माकडटोपी, मग चष्मा, मग माझं जुनं जॅकेट. हातात पानांची जुडी. बाबा गुडघे झाडत होते, आणि तो कान, म्हणजे गोंडा, वाऱ्यावर हलत होता.

मी ती गोळी कशी काढली ते आठवत नाही. बाबांनी मला पाहिलं आणि हात केला. मी जवळ गेलो.

"गाडीत कंटाळा आला," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "उद्या सोनं लुटायला आपटा कुठे मिळायचा इथे? म्हटलं, दोन पाळ्यांचं एखादं पान दिसतंय का बघावं." मग त्यांची नजर बंदुकीवर गेली. "नवमीला हत्यार उचललंस?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"आईला कळू देऊ नकोस," ते म्हणाले. "धपाटा मलाही बसेल."

वरच्या पॅडॉकमध्ये आणि परत येताना घाटात फोनला रेंज नव्हती. मोठ्या रस्त्याला लागलो तसा मिस्ड कॉल दिसला. आईचा, चार एकतीसचा. आई स्वतःहून फोन कधी करत नाही, तिला ते हिरवं बटण सापडत नाही. परत लावला तर म्हणाली, "या तुम्ही, मग सांगते. दोघंही आहात ना गाडीत?"

"आहोत."

"बाबांना दे फोन."

"आई, त्यांना ऐकू येणार नाही."

"श्वास तरी ऐकव."

घरी आलो तर आई देवघराच्या कपाटासमोर स्टूल टाकून बसलेली. गौरी म्हणाली, मगाचपासून उठायला तयार नाहीत.

"पाल चुकचुकली रे," आई म्हणाली. "ताटातच. चहा टाकायला उठले आणि एकदा वाजली. मी कृष्ण कृष्ण म्हटलं. थोड्या वेळाने परत. मग परत. तीनदा. नवमीची, हत्यारांच्या ताटात… मला काही बरं वाटेना."

"आई, इथे घरात पाली नसतात."

"मला माहितीये. सहा महिने झाडतेय हे घर."

मध्ये किती वेळ गेला, हे मी विचारलं. ती म्हणाली, "एक एक श्रीसूक्ताचं पान होईल एवढा. अर्धा मिनिट धर."

ती चहाला गेली. खिशातला बोल्ट परत ठेवायचा म्हणून मी डेझी बाजूला केली. पाना होता तिथेच होता. त्याच्या कडेवर, मी लावलेल्या कुंकवात, तीन बारीक चौकोनी खाचा. एकाशेजारी एक. खिशातून तिन्ही गोळ्या काढल्या. या जातीच्या गोळीच्या बुडाच्या कडेवर पिन आपटते आणि बरोबर तशी खाच पडते. उडो न उडो, पडतेच. माझ्या तिन्ही गोळ्यांच्या कडा कोऱ्या होत्या.

"बोल्टच्या जागी पाना होय," मागून आवाज आला. बाबांनी कानात मशीन घातलं होतं. त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, कडेवरून नख फिरवलं. चाळीस वर्षं पोरांनी घासून आणलेल्या जॉबवरून फिरवलेलं नख.

"ताजं आहे," ते म्हणाले. "कुंकवाच्या वरून पडलंय. पण हे क्रोम व्हेनेडियमचं कडक पोलाद आहे. याला अशी खाच पाडायला काय लागेल, ठाऊक आहे ना तुला? पितळ नाही हे." मग त्यांनी माझ्या तळहातावरच्या गोळ्या पाहिल्या. एकेक उलटून.

"मी उभा राहिलो तेव्हा तुझी बंदूक कुठे होती?"

"वर," मी म्हणालो. "आकाशाकडे."

त्यांनी मान डोलावली. न मोजता "मोजलंय सर" म्हणणाऱ्या पोरांपुढे ते अशीच मान डोलवायचे.

पुढच्या शनिवारी बंदूक आणि त्या गोळ्या ग्रॅहमकडे नेल्या. तो म्हणाला, "मेट, यांना पिन लागलेलीच नाहीये. सेफ्टी काढायला विसरलास तू." पण सेफ्टी लावलेली असताना चाप हलतच नाही. टिक येणार कुठून? त्याने त्याच बंदुकीत त्याच तीन गोळ्या भरून झाडल्या. तीन बार. "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, म्हणाला आणि बंदूक माझ्यापुढे धरली. मी ती परत घेतली नाही. त्याच्याकडे लायसन्स आहे, रीतसर कागद करून त्यालाच विकली.

पाना मी आमच्या वर्कशॉपमध्ये तपासला. तसल्याच रायफलची सुटी पिन मागवून त्यावर हातोडीने ठोकून पाहिली. पिनच वाकली, पाना तसाच. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर खाली लिहा, घूससुद्धा चालेल. मला खरंच सुचत नाही.

बाबांनी पुन्हा कधीच काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. हे इथे लिहितोय, कारण ते मराठी साइट्स वाचत नाहीत, असा माझा समज आहे. फक्त दरवर्षी खंडेनवमीला सांगलीहून त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. माकडटोपी नसते, पण मला ती दिसते.

"पाना ठेवलास पूजेत?"

"ठेवला."

"आणि सांगितलंस त्याला?"

मग ते फोन कानाजवळ, मशीनच्या बाजूला धरतात, आणि मी आईचं ते वाक्य मोठ्याने म्हणेपर्यंत खाली ठेवत नाहीत.