सहावो, नुकतोच लागलो

पहिली खेप माहेरी, म्हणून आई मला न्यायला कोकणातल्या आमच्या गावाहून, मिठबावहून, मुंबईला आली. "रस्त्याचे धक्के नकोत, विमानाने जा. पण याच आठवड्यात, नंतर मी सोडणार नाही," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आणि तशी चिठ्ठी दिली. आम्ही दोघी जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होतो. मी तर आदल्या दिवसापासूनच हवेत होते. आईच्या हातची पेज, परसातल्या माडाखालची खुर्ची, आणि माझ्या बाळाने पहिला श्वास आमच्या समुद्राच्या वाऱ्यात घ्यायचा, हा माझा हट्ट! आज त्या आठवड्याचा शेवटचा दिवस, विमान चुकलं तर यातलं काहीच नव्हतं.

आमच्याकडे परक्या माणसाला पोटुशीचा खरा महिना सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणून एक-दोन कमीच सांगतात. मी आईला चिडवायचे, "तुझ्या हिशेबाने मी वर्षभर गरोदर राहणार!" ती हसायची नाही, आणि मला त्याचा रागच यायचा.

विमानतळावर काउंटरपलीकडच्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, कितवा महिना?"

मी तोंड उघडायच्या आत आईने ठेवणीतली मराठी काढली. "सहावा हो. नुकताच लागलाय."

मुलीने चिठ्ठी पाहिली, मग माझं पोट पाहिलं. "काकू, यात एकतीस आठवडे लिहिलंय."

"लिहिताना चुकलं असेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगी बिचारी गोंधळली. चिठ्ठीत एक आणि तोंडी दुसरंच, मग साहेबांना विचारल्याशिवाय पास देता येणार नाही म्हणाली आणि फोन उचलला. मागे रांग चुळबुळायला लागली. मी सगळी लाजलज्जा सोडून ओरडले, "आई, खरा काय ता सांग! नायतर हयंच बाळंत होतलंय मी!"

आईचा चेहरा एवढासा झाला. ती काउंटरवर ओणवली आणि कुजबुजली, "आठवा. पण मोठ्याने म्हणू नकोस गो बाय." लगेच माझ्या तोंडावरून हात उतरवून तिने आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

मुलीने फोन खाली ठेवला, पास पुढे सरकवले आणि तितक्याच हळू आवाजात म्हणाली, "नाही सांगत कोणाला, काकू."

विमान सुटलं तसं पोटातल्याने अशी काही लाथ मारली की मी मोठ्याने हसले. खाली डावीकडे किनारा पसरला होता, एकामागून एक खाड्या येत होत्या. मी नाक काचेला लावून आमचं गाव शोधत होते. आनंद पोटात मावत नव्हता, तरी मघाचा राग जिभेवर होताच. "खोटा कित्याक बोललंस गो? जाऊक गावला नसता तर?"

आईने खिडकीबाहेरची नजर काढली नाही. "तुझ्या आदी एक झील होतो," ती म्हणाली. "सगळ्या वाडीक मी हसान हसान सांगलंय, आठवो लागलो म्हणान. त्याच म्हयन्यात गेलो."

माझ्याआधी एक मुलगा होता, हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिचा हात ओढून पोटावर ठेवला. बाळाने पुन्हा लाथ मारली, आणि आईचे डोळे भरून आले तरी ती हसली. "दांडगो आसा," म्हणाली. मग आम्ही दोघींनी मिळून आमचा किनारा शोधला. अमुक वाळू आमचीच, यावरून भांडलोसुद्धा.

चिपीच्या विमानतळावर उतरलो तेव्हा बाबांनी पाठवलेली गाडी बाहेर उभी होती. ड्रायव्हर नवीन होता, पण बोलका. माझी बॅग उचलता उचलता त्याने कौतुकाने विचारलं, "कितवो चलता गो, ताई?"

आई बोलायच्या आत मीच म्हणाले, "सहावो. नुकतोच लागलो."